जखम : प्रकार, भरून येण्याची प्रक्रिया आणि उपचार
(आरोग्यविषयक अभ्यासलेख)

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर सर्वसामान्यांना उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषयक लेख असावा, म्हणजे अहवाल वाचून झाल्यावरही तो घरात जपून ठेवला जातो. या हेतूने प्रस्तुत लेखासाठी ‘जखम’ हा विषय निवडला आहे. विषय साधा वाटतो. ज्याला कधीच जखम झाली नाही असा मनुष्य नाही, आणि जखमेवर ज्याच्याजवळ एखादा घरगुती उपाय नाही असे घरही नाही. परंतु नेमक्या याच परिचयामुळे जखमेकडे दुर्लक्ष होते, आणि चार दिवसांत बरी होणारी जखम कधीकधी बोट, पाऊल किंवा प्राण घेऊन जाते.

मांडा-टिटवाळा आणि आसपासच्या गावांचे जीवन पाहिले तर जखमांचे जवळजवळ सर्व प्रकार येथे आढळतात. काळू नदीच्या काठच्या भातशेतीत विळा-कोयत्याच्या जखमा होतात, पावसाळ्यात लावणी करणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात, वीटभट्टीवर भाजण्याचे व चेंगरण्याचे अपघात होतात. कल्याण-कसारा लोहमार्गावर गाडीतून पडून होणारे अपघात, नव्या इमारतींच्या बांधकामावर पायात घुसणारे खिळे, रस्त्यावरील श्वानदंश, पावसाळ्यातील सर्पदंश हे सारे आपल्या परिचयाचे आहे. याशिवाय मधुमेही वृद्धांच्या तळपायाला होणारी आणि कोणाच्या लक्षातही न येणारी जखम वेगळीच. म्हणून हा विषय दाते, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे.

जखम म्हणजे काय?

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव होय. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. बाहेरचे जंतू आत येऊ न देणे, आतील पाणी व उष्णता बाहेर जाऊ न देणे आणि स्पर्श-वेदनेची वार्ता मेंदूला पोहोचविणे ही तिची प्रमुख कामे आहेत. त्वचेचा किंवा तिच्याखालील ऊतींचा सलगपणा भंग पावणे म्हणजे जखम. त्वचा फाटली नसली तरी आत रक्त साकळते तेव्हा आपण ‘मुका मार’ म्हणतो. तीही जखमच, फक्त बंद स्वरूपाची.

संस्कृतमध्ये जखमेला ‘व्रण’ म्हणतात. मराठी बोलीत मात्र जखम भरून आल्यावर मागे राहणाऱ्या खुणेलाही आपण व्रण म्हणतो. या लेखात ‘व्रण’ हा शब्द दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेसाठी वापरला आहे.

सुश्रुतांनी केलेले वर्गीकरण

जखमांचा पद्धतशीर विचार आपल्या देशात फार प्राचीन काळी झाला. सुश्रुतसंहितेत व्रणाचे दोन मुख्य भेद सांगितले आहेत : शरीरातील दोषांमुळे आतून उत्पन्न होणारा आणि बाहेरील आघाताने होणारा, म्हणजे आगंतुक. आघाताने झालेल्या ताज्या जखमांचे पुढे सहा प्रकार केले आहेत. शस्त्राने लांब कापली गेलेली ती छिन्न. टोकदार शस्त्राने किंवा शिंगाने पोटाच्या वा छातीच्या पोकळीपर्यंत गेलेली ती भिन्न. पोकळी सोडून अन्यत्र काट्यासारख्या अणकुचीदार वस्तूने टोचलेली ती विद्ध. धड कापलेली नाही व धड टोचलेली नाही अशी वेडीवाकडी ती क्षत. दाबाने किंवा प्रहाराने हाडासह चेपली गेलेली ती पिच्चित. आणि घासून वरची त्वचा निघालेली ती घृष्ट.

आजच्या अपघात विभागात जखमेची नोंद करताना डॉक्टर जी वर्गवारी करतात, ती याहून फार निराळी नाही. याचे कारण असे की, वर्गीकरणावरच उपचार अवलंबून असतो. सुश्रुतसंहितेत व्रणचिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि ‘शुद्ध’ व ‘दुष्ट’ व्रण यांत भेद केला आहे. जखम स्वच्छ आहे की दूषित, हा प्रश्न आजही शल्यचिकित्सक सर्वप्रथम विचारतो.

जखम कशी भरते?

जखम औषधाने भरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जखम शरीरच भरते. औषध व मलमपट्टी त्याच्या वाटेतील अडथळे दूर करतात. या प्रक्रियेचे चार टप्पे मानले जातात.

पहिल्या टप्प्यात काही मिनिटांत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त गोठते व रक्तस्राव थांबतो. दुसरा टप्पा दाहाचा. पहिले तीन-चार दिवस जखमेभोवती थोडी लाली, सूज, उष्णता व ठणका असतो. पांढऱ्या पेशी तेथे गोळा होऊन जंतू व मृत ऊती खाऊन टाकतात. हा मर्यादित दाह आवश्यक असतो, त्यास घाबरू नये. तिसऱ्या टप्प्यात, सुमारे तीन आठवड्यांपर्यंत, नव्या केशवाहिन्या तयार होतात, लालसर दाणेदार मांसांकुर वर येतात आणि कडेची त्वचा हळूहळू आत सरकते. चौथा टप्पा पुनर्रचनेचा. तो वर्षभर, क्वचित त्याहूनही अधिक चालतो. या काळात व्रणखुणेची लाली कमी होते व ताकद वाढते. तरीही भरलेल्या जागेची मजबुती मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

हे टप्पे सुरळीत पार पडण्यासाठी पुरेसा रक्तपुरवठा, प्रथिने, ‘क’ जीवनसत्त्व, जस्त व लोह यांची गरज असते. रक्तक्षय, कुपोषण, अनियंत्रित मधुमेह, तंबाखू व धूम्रपान यांमुळे जखम रेंगाळते. म्हणून जखमी माणसाला ‘जखम चिघळेल’ या भीतीने डाळ, अंडी, दूध किंवा मासे वर्ज्य करणे चुकीचे आहे. त्याला या पदार्थांची एरवीपेक्षा अधिक गरज असते.

‘जखम उघडी ठेवली की लवकर वाळते’ हाही एक दृढ समज आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, किंचित ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा कोरड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा अधिक वेगाने पसरते. आधुनिक ड्रेसिंगची सारी दिशा या निष्कर्षावर आधारलेली आहे. ओलसर म्हणजे पाण्याने चिंब नव्हे. जखम सुकू नये आणि भोवतालची त्वचा पांढरी पडून भिजूही नये, असा तो समतोल आहे.

ताज्या जखमांचे प्रकार व उपचार

१) खरचटणे : वरची त्वचा घासून निघते, रक्त थोडे येते, परंतु आग फार होते. नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याने माती व खडे पूर्ण निघेपर्यंत धुणे हाच मुख्य उपचार. आत राहिलेली माती पुढे काळा डाग ठेवते व जंतुसंसर्ग करते.

२) चिरलेली जखम : विळा, काच, पत्रा, ब्लेड यांनी होते. कडा सरळ असतात व रक्त भरपूर येते. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी आणि पूर्ण दहा मिनिटे उचलून पाहू नये. हात किंवा पाय वर उचलून ठेवावा. बहुतेक रक्तस्राव एवढ्याने थांबतो. जखम स्वच्छ असून रुग्ण साधारण सहा ते आठ तासांत आला, तर टाके घालून ती बंद करता येते. चेहऱ्याचा रक्तपुरवठा उत्तम असल्याने तेथे अधिक काळ सवड मिळते. चेहऱ्याचे टाके साधारण पाचव्या दिवशी, तर पायाचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. मनगट किंवा बोट कापले असता बोटे हलतात का व स्पर्श समजतो का, हे तपासून घेणे अगत्याचे असते. कारण लहानशा चिरेखाली कंडरा किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो.

३) फाटलेली व चिरडलेली जखम : यंत्र, वाहन, रेल्वे किंवा विटांचा ढीग कोसळून होणाऱ्या जखमांत कडा वेड्यावाकड्या असतात आणि आतील स्नायू मृत झालेले असतात. अशी जखम घाईने शिवून टाकल्यास आत पू व गँग्रीन होण्याचा धोका असतो. म्हणून शल्यचिकित्सक आधी मृत ऊती कापून काढतो, जखम काही दिवस उघडी ठेवून ड्रेसिंग करतो आणि स्वच्छ झाल्यावरच शिवतो. ‘डॉक्टरांनी टाके का घातले नाहीत?’ असे नातेवाईक अनेकदा विचारतात, त्याचे उत्तर हे आहे.

४) टोचलेली जखम : खिळा, काटा, सळई यांचे बाहेरून दिसणारे छिद्र लहान, पण खोली अधिक असते. हवा न पोहोचणाऱ्या अशा खोल जागेत धनुर्वाताचे जंतू वाढतात. पोटात, छातीत किंवा डोळ्यात घुसलेली वस्तू घरी कदापि ओढून काढू नये. तिनेच रक्तवाहिनीचे तोंड दाबून धरलेले असण्याची शक्यता असते. ती हलणार नाही अशी आधार देऊन रुग्णाला रुग्णालयात आणावे.

५) तुटलेला अवयव : तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे व तोंड बंद केलेली ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये, त्यामुळे ऊती नष्ट होतात. बोटाला तुलनेने अधिक वेळ मिळतो; परंतु स्नायू असलेला हात किंवा पाय तुटला असता सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया होणे इष्ट असते. येथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे. अपघातग्रस्ताला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयाने व मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातात मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे.

६) प्राणीदंश : कुत्रे किंवा मांजर चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हा उपाय फुकट आहे, घरी होतो आणि रेबीजचे विषाणू कमी करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मिरची, चुना, हळद काहीही लावू नये. अशा जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत. रक्त निघालेले असल्यास लसीबरोबर रेबीजचे प्रतिद्रव्य जखमेच्या आत व भोवती टोचावे लागते. केवळ लसीवर भागत नाही. लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी घेणे अत्यावश्यक आहे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. सर्पदंशात जखम कापणे, चोखणे किंवा करकचून दोरी बांधणे घातक ठरते. अंगठी, पैंजण, घड्याळ काढावे, दंश झालेला अवयव हलू देऊ नये व तत्काळ प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

७) भाजणे : भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे नळाच्या साध्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप, कॉफीपूड लावू नये व फोड फोडू नयेत. रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का भाग, या मोजमापाने भाजण्याची व्याप्ती अजमावता येते. चेहरा, हात, गुप्तांग भाजणे, विजेने भाजणे आणि लहान मुलांचे १० टक्क्यांहून अधिक भाजणे यांस रुग्णालयात दाखल करणे भाग असते.

धनुर्वाताची लस : दर सहा महिन्यांनी इंजेक्शन हवेच, असा समज येथे रूढ आहे, तो शास्त्राला धरून नाही. पूर्ण लसीकरण झालेल्या व्यक्तीला स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या मात्रेला दहा वर्षे व दूषित जखमेसाठी पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा एक मात्रा देतात. लसीकरणच झालेले नसेल व जखम मातीने वा शेणाने माखलेली असेल, तर लसीबरोबर प्रतिद्रव्यही द्यावे लागते. आता ‘टी.टी.’ऐवजी धनुर्वात व घटसर्प या दोहोंपासून संरक्षण देणारी ‘टी.डी.’ लस देण्यात येते.

पुण्याजवळची एक ऐतिहासिक शस्त्रक्रिया

जखमेच्या उपचारांच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव एका घटनेमुळे जगभर नोंदले गेले आहे. इंग्रज सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मनुष्य १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या कुंभार जातीच्या एका वैद्याने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली व तिचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाले.

पद्धत अशी होती. आधी मेणाचा नाकाच्या मापाचा पातळ साचा करून तो कपाळावर सपाट पसरला व त्याची रेघ आखून घेतली. त्या रेघेने कपाळाची त्वचा सोडवली, परंतु दोन डोळ्यांच्या मधला एक पट्टा जोडलेलाच ठेवला, म्हणजे त्यातून रक्तपुरवठा चालू राहील. नाकाच्या जुन्या बुंध्याच्या कडा ताज्या कापून घेऊन ती त्वचा खाली वळवून तेथे बसवली. टाके न घालता काथाचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती चिकटवून ठेवली. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवले, आणि सुमारे २५ व्या दिवशी, नवी जागा रुजल्यावर, जोडणारा पट्टा कापला. हा वृत्तान्त वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली, व तेथून आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीला चालना मिळाली.

या घटनेत एक शास्त्रीय तत्त्व दडलेले आहे : ज्या त्वचेचा रक्तपुरवठा शाबूत राहतो तीच नव्या जागी जगते. आजही मोठ्या जखमा झाकण्यासाठी शेजारची त्वचा वळवून आणताना हेच तत्त्व पाळले जाते. ज्याच्या हातून ही क्रिया झाली त्या वैद्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

न भरणाऱ्या जखमा

साधारण चार ते सहा आठवड्यांत जी जखम भरण्याच्या मार्गाला लागत नाही, तिच्यामागे कोणता तरी आजार दडलेला असतो. अशा वेळी मलम बदलत बसण्यापेक्षा कारण शोधणे महत्त्वाचे ठरते.

मधुमेही पाऊल : मधुमेहात पायाचे मज्जातंतू बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंशी लढण्याची शक्ती घटते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की संकट उभे राहते. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. तोच झोपी गेला तर चपलेत अडकलेला खडा दिवसभर टोचत राहिला तरी कळत नाही. आपल्या गावाच्या संदर्भात याचा एक विशेष विचार करावा लागतो. महागणपतीच्या दर्शनाला अंगारकीच्या दिवशी मोठी गर्दी लोटते आणि काही भाविक नवस म्हणून अनवाणी चालतात. ज्याच्या पायाची संवेदना शाबूत आहे, तो तापलेल्या फरशीवरून चटकन पाय उचलतो. ज्याची गेली आहे त्याला संध्याकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो, आणि तोही दुसऱ्या कोणी पाहिला तर. मधुमेही भाविकाने श्रद्धेला बाध न आणता पायांत मोजे घालावेत, रांग सावलीत असताना दर्शन घ्यावे आणि घरी आल्यावर दोन्ही तळपाय तपासून घ्यावेत.

उपचारात रक्तशर्करेवर नियंत्रण, मृत ऊती काढणे, संसर्गाचा बंदोबस्त आणि रक्तपुरवठ्याची तपासणी यांबरोबरच त्या जागेवरील भार काढून घेणे हा अर्धा उपचार आहे. रोज उत्तम ड्रेसिंग करून रुग्ण त्याच पावलावर चालत राहिला, तर जखम भरत नाही. यासाठी विशेष पादत्राणे किंवा पायाला घट्ट बसणारे प्लॅस्टर वापरतात. या ज्ञानाचे मूळ कुष्ठरोगाच्या कार्यात आहे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांच्या हातापायांची झीज आजाराने ‘सडून’ होत नाही, तर संवेदना गेल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमांतून होते. समाज ज्यांना दूर सारत होता त्या रुग्णांच्या सेवेतून मिळालेले हे ज्ञान आज मधुमेहींचे पाय वाचवीत आहे.

पायाच्या शिरांचे व्रण : दीर्घकाळ उभे राहून काम करणाऱ्यांत शिरा फुगतात, घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडते व तेथे व्रण होतो. धमन्यांचा रक्तपुरवठा ठीक असल्याची खात्री करून दाब देणारी पट्टी बांधणे व विश्रांतीच्या वेळी पाय उंचावर ठेवणे हा येथील मुख्य उपचार होय.

शय्याव्रण : पक्षाघात, मांडीचे हाड मोडणे किंवा वार्धक्य यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, नितंबावर व टाचांवर दाबाने त्वचा मरते. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबूनही फिकी न पडणारी लाली. ही खूण पाहणारे डोळे बहुधा डॉक्टरांचे नसतात. ते सून, मुलगी, पत्नी किंवा रात्री उशाशी बसणाऱ्या मुलाचे असतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी व सुरकुतीविना ठेवणे, मलमूत्र त्वरित स्वच्छ करणे आणि हवेची गादी वापरणे यांनी हा व्रण बहुतांशी टाळता येतो. लाल झालेल्या जागेवर मालिश करू नये. एकदा व्रण हाडापर्यंत गेला की तो भरण्यास महिने लागतात.

ड्रेसिंग : बटाट्याच्या सालीपासून केळीच्या पानापर्यंत

ड्रेसिंगची अनेक महागडी साधने आज उपलब्ध आहेत : जेल, फोम, चांदीयुक्त पट्ट्या, तसेच जखमेतील स्राव सतत ओढून घेणारे ऋणदाबाचे यंत्र. योग्य ठिकाणी त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु गरीब रुग्णाला परवडेल असे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील डॉक्टरांनी गांभीर्याने हाताळला, याची नोंद धर्मादाय संस्थेच्या अहवालात अवश्य व्हावी.

मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग वापरले. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचे ड्रेसिंग विकसित केले. बटाट्याची साल व केळीचे पान यांची तुलना करणारा त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. केळीचे पान मात्र तयार करण्यास सोपे व कितीतरी स्वस्त. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्णाला असह्य वेदना होत नाहीत. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मधाचा उपयोग अभ्यासून १९९१ साली ब्रिटिश शल्यविज्ञान पत्रिकेत निष्कर्ष मांडले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ही सर्व साधने रुग्णालयात निर्जंतुक करून व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरलेली आहेत. परसातील पान तोडून किंवा बाटलीतील मध घरच्या घरी जखमेवर लावणे हा त्यांचा अर्थ नव्हे. दगडीपाला, चुना, तंबाखू, राख, शेण यांविषयीही हेच सांगावे लागेल. माती व शेणात धनुर्वाताचे बीजाणू असतात.

जखम धुण्यासाठी महाग द्रावणाची गरज नसते. पिण्यायोग्य स्वच्छ पाणी किंवा सलाईन पुरेसे असते. उघड्या जखमेत वारंवार स्पिरिट, आयोडिन वा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्याने जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशीही मरतात. तसेच प्रत्येक जखमेला प्रतिजैविक लागत नाही. लाली पसरत जाणे, ठणका वाढणे, पू, दुर्गंधी व ताप ही संसर्गाची चिन्हे दिसली तरच डॉक्टर ते देतात. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांमुळे जंतू औषधांना जुमानेनासे होतात, आणि खऱ्या गरजेच्या वेळी हात रिकामे राहतात.

त्वचारोपण आणि त्वचादान

खोलवर भाजलेल्या किंवा मोठी त्वचा गमावलेल्या जखमा आपोआप भरत नाहीत. मांडीवरील त्वचेचा पातळ पापुद्रा काढून तेथे लावतात. मांडीवरची जागा दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरून येते. परंतु ज्याचे निम्मे शरीर भाजले आहे, त्याच्याजवळ काढण्यासारखी त्वचा उरत नाही. अशा वेळी दान केलेली त्वचा तात्पुरते आच्छादन म्हणून वापरतात. ती कायमची रुजत नाही. पण त्या काही आठवड्यांत पाणी व प्रथिनांचा ऱ्हास थांबतो, वेदना कमी होतात, संसर्ग टळतो आणि रुग्ण जगण्याची संधी वाढते.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोली येथील राष्ट्रीय भाजलेल्यांचे उपचार केंद्र (नॅशनल बर्न्स सेंटर) येथेही अशी पेढी आहे. त्वचादान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करता येते. दात्याचे वय १८ पेक्षा अधिक असावे. वृद्धांचीही त्वचा चालते, रक्तगट जुळण्याची आवश्यकता नसते. पाय, मांड्या व पाठ येथून केवळ वरचा पातळ थर घेतात. देह विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीस बाधा येत नाही. एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व ‘क’, त्वचेचा कर्करोग वा संसर्ग असल्यास दान स्वीकारले जात नाही. ग्लिसरॉलमध्ये, सुमारे चार अंश तापमानात ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. नेत्रदानाविषयी आपल्या समाजात जागृती झाली. त्वचादानाचा उच्चार मात्र शोकाकुल घरात अजून कोणी करत नाही. तो आधीच, सर्व जण सुखरूप असताना, घरात झालेला बरा.

ध्यानात ठेवण्याजोगे

• रक्त थांबवण्यासाठी दाब, स्वच्छतेसाठी वाहते पाणी, हे दोनच प्रथमोपचार बहुतेक जखमांना लागू पडतात.
• मधुमेहींनी रोज रात्री आरशाच्या साहाय्याने किंवा घरातील व्यक्तीकडून तळपाय तपासून घ्यावेत. कुरूप व भोवरी घरी ब्लेडने कापू नये.
• पावसाळ्यात चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरावे लागले आणि नंतर ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे.
• दोन आठवड्यांत न सुधारणारी कोणतीही जखम डॉक्टरांना दाखवावी. वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जुन्या व्रणात क्वचित कर्करोगही उद्भवतो.
• बोट काळे पडणे, भाग बधिर व थंड होणे, लाल रेषा वर चढणे ही तातडीची लक्षणे आहेत.

समारोप

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार पात्र धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. रुग्णांच्या नातेवाइकांनी ही माहिती ठेवावी व आवश्यक कागदपत्रांसह समाजसेवा अधिकाऱ्यांची भेट घ्यावी. परंतु जखमेच्या बाबतीत खाट मिळाली म्हणजे प्रश्न संपला, असे होत नाही. घरी सोडल्यावर रुग्णाला आठवडेच्या आठवडे ड्रेसिंगसाठी यावे लागते; रिक्षाचे भाडे, बुडालेला रोजगार आणि सोबत येणाऱ्याचा दिवस यांचा हिशेब करून अनेक जण मध्येच येणे थांबवतात. पाय गमावणाऱ्या रुग्णाच्या कहाणीत बहुधा हाच दिवस निर्णायक असतो.

दानशूर व्यक्ती शस्त्रक्रियागृहासाठी किंवा यंत्रासाठी देणगी देतात तेव्हा त्यांचे नाव भिंतीवर कोरले जाते आणि ते योग्यच आहे. गॉजचे गठ्ठे, सलाईनच्या बाटल्या, हवेच्या गाद्या, मधुमेहींची पादत्राणे आणि दूरच्या पाड्यावर जाऊन पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेचे वेतन यांवर कोणाचे नाव लिहिता येत नाही. तरीही एखाद्या वीटभट्टी कामगाराचा पाय शाबूत राहून तो पुन्हा कामावर उभा राहतो, तेव्हा ते याच न दिसणाऱ्या दानाचे फळ असते. विश्वस्तांनी अंदाजपत्रक आखताना आणि दात्यांनी देणगी देताना मलमपट्टीच्या या छोट्या खोलीचा अगत्याने विचार करावा, एवढीच नम्र विनंती.